जुन्या गोव्याचा मुद्देमाल

न्यायालयात वाद उभा राहिला म्हणजे पुरावा तीन वाटांनी पुढे येतो. साक्षीदार जबानी देतात, दस्तऐवज वाचले जातात आणि पुष्कळदा एखादी वस्तू, मग ते फोडलेले कुलूप असो, खोटे नाणे असो की कोयता असो, मुद्देमाल म्हणून न्यायासनापुढे ठेवली जाते. साक्षीदार विसरतो, भितो, प्रसंगी फितूरही होतो. दस्तऐवज लिहिणाराचा काही ना काही हेतू असतोच. मुद्देमाल मात्र मुका असतो. त्याला कोणाची बाजू घ्यावयाची नसते. जाणत्याने योग्य प्रश्न विचारला तर तो उत्तर देतो, न विचारला तर शतकानुशतके गप्प पडून राहतो. इतिहासाच्या खटल्यात पुराणवस्तुशास्त्राचे काम हेच आहे. बखरी, फर्माने आणि प्रवासवर्णने यांनी जे सांगितले नाही, ते जमिनीखालच्या मुद्देमालास विचारून घ्यावयाचे.

ही पद्धत लावून पाहण्यासाठी आमच्या वाचकांस जवळचे असे एक स्थळ आम्ही निवडले आहे. ते म्हणजे मांडवीच्या तीरावरील जुने गोवे. बेळगाव-निपाणीकडील कितीतरी कुटुंबे चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरून अंत्रुज महालात कुलदैवताच्या दर्शनास जातात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदोडे ही नावे घरातील लहान मुलांसही पाठ असतात. परतीच्या वाटेवर तासभर जुन्या गोव्यास थांबावे, दोन भव्य चर्चे पाहावीत आणि पुढे निघावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. हे देव अंत्रुजात आले कोठून, आणि ज्या शहराच्या सत्तेमुळे त्यांना आपले मूळ स्थान सोडावे लागले त्या शहरात माणसे जगत तरी कशी होती, हा प्रश्न त्या तासाभरात सहसा कोणी विचारीत नाही. आम्हास तो महत्त्वाचा वाटतो. कारण त्या शहरात जगणाऱ्यांत आपलेही लोक होते.

प्रथम कागदाचा पुरावा पाहू. तो विपुल आहे. आफोंसो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून हे शहर कायमचे जिंकले. त्या मोहिमेस तिम्मय्या नावाच्या हिंदू नौकाधिपतीचे साहाय्य होते, ही गोष्ट पोर्तुगीज इतिहासकारच नमूद करतात. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावकऱ्यांच्या चालीरीतींची नोंद करून एक सनद तयार केली. जमीन कोणाची, सारा कोणी भरावयाचा, गावकरीच्या सभेत मान कोणाचा, हे सारे तीत आहे. वकिली पेशाच्या माणसास तो दस्तऐवज आजही चाळावासा वाटतो. पुढे पंधरा वर्षांत चित्र पालटले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि १५४१ मध्ये देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळांची तीच गत झाली. त्या जमिनींच्या याद्या पोर्तुगीज कारकुनांनी इतक्या काटेकोरपणे केल्या की, कोणत्या गावी कोणते दैवत होते हे आज आपणास मुख्यतः त्याच याद्यांवरून कळते. देऊळ पाडणाऱ्याच्या दप्तरातच देवळाचा पत्ता सुरक्षित राहिला!

याखेरीज परदेशी प्रवाशांची वर्णने आहेत. यान हुइखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून सुमारे पाच वर्षे येथील आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी १६०८ ते १६१० या काळात येथे होता. दोघांनीही येथील सरळ रस्ता, त्यावर रोज सकाळी होणारे लिलाव, तेथे विकले जाणारे घोडे, वस्त्रे, जवाहीर आणि गुलाम माणसे यांचे वर्णन केले आहे. परंतु या सर्व कागदांत एक उणीव आहे. सारा भरणारा गावकरी, बाटलेला किंवा न बाटलेला नेटिव्ह, विकला गेलेला गुलाम, एवढ्याच नात्याने त्यांत सामान्य माणूस येतो. तो कोणत्या भांड्यात जेवत होता, कोणते पाणी पीत होता, त्याच्या हातांनी काय घडले, हे तो स्वतः कोठेही सांगत नाही. त्याची बाजू मांडणारा कागद नाही. म्हणूनच आता मुद्देमालाकडे वळणे प्राप्त आहे.

पहिली साक्ष दगडाची. जुन्या गोव्यातील जवळजवळ सर्व बांधकाम ज्या दगडाचे आहे तो कोकणातील प्रत्येक घरास परिचित असलेला जांभा, म्हणजे चिरा, होय. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. त्यावर शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा देत. दर्शनी भागासाठी लागणारा काळा दगड वसईकडून गलबतांनी आणविला जाई. चर्चचा आराखडा युरोपातून आला खरा. परंतु चिरा कसा फोडावा, चुना किती दिवस मुरवावा, कोकणातल्या पावसात भिंत कशी टिकवावी, हे ज्ञान येथील गवंड्यांचे होते. आज बों जेझूचे चर्च तांबडे दिसते आणि तेच त्याचे मूळ रूप अशी प्रवाशांची समजूत होते. वस्तुतः त्यावरील गिलावा १९५० च्या सुमारास मुद्दाम काढून टाकला गेला आणि तेव्हापासून उघड्या पडलेल्या चिऱ्याची पावसाने झीज होत आली आहे. बांधणाराने गिलावा शोभेसाठी नव्हे, गरजेपोटी दिला होता. ते मर्म पुढच्या पिढीतील दुरुस्ती करणाऱ्यांस उमगले नाही.

दगडाची दुसरी साक्ष अधिक बोचणारी आहे. संत कायतान चर्चच्या समोर एक एकाकी दरवाजा उभा आहे. काळ्या दगडाचे कोरीव खांब, वर पाट आणि बाजूस नक्षीदार जाळी. हा आदिलशाही वाड्याचा दरवाजा म्हणून ओळखला जातो. त्याची घडण पाहताच तो मुळात हिंदू देवालयाच्या कारागिरीचा आहे हे ध्यानी येते. म्हणजे एकाच चौकटीने तीन राजवटी पाहिल्या. देवालयाच्या शिल्पींनी घडविली, सुलतानाच्या वाड्यास लागली आणि १५१० नंतर पोर्तुगीज गव्हर्नर त्याच वाड्यात राहू लागले. १५५४ च्या सुमारास ते दुसरीकडे गेले आणि १५६० पासून तोच वाडा इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मन्यायपीठाचे, ठाणे झाला. आता वाडा नाही, न्यायपीठ नाही, सुलतान नाही. चौकट उभी आहे. थोड्या अंतरावर रस्त्याच्या तिठ्यावर 'हात कातरो खांब' आहे. अपराध्यास बांधून शिक्षा देण्याचा हा खांबही एखाद्या जुन्या देवळाचा असावा असे मानले जाते. ज्याच्याशेजारी कधी काळी पंचारती फिरली असेल त्याच खांबास पुढे माणसे बांधली गेली, ही कल्पना मन अस्वस्थ करते. परंतु अस्वस्थ होऊनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. जुन्या दगडाचा नव्या कामी उपयोग करणे ही त्या काळी सर्वच राजवटींची रीत होती, आणि आमच्या बेळगावच्या किल्ल्यात हिंडणाऱ्यासही तिची ओळख पटल्यावाचून राहत नाही.

मग सामान्य नागरिकांची घरे कोठे गेली? प्रवासवर्णनांत दुमजली घरे, कौलारू छपरे, काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसविलेल्या खिडक्या यांची वर्णने आहेत. अशा खिडक्या गोव्यातील काही जुन्या घरांत अद्याप दिसतात. जुन्या गोव्यात मात्र चर्चे तेवढी उभी आहेत आणि त्यांच्या सभोवार माडांच्या बागा व झुडपे. कारण साधे आहे. शहर ओस पडल्यावर त्याचा चिरा उचलून नेण्यात आला आणि त्यातून नवी राजधानी पणजी उभी राहिली. व्हाइसरॉयचा राजवाडादेखील या चिऱ्यापायी पाडला गेला. जे राहिले ते जमिनीखाली. घराचा पाया, फरसबंदीचा तुकडा, विहिरीचा काठ आणि खापऱ्या. तेव्हा आज तेथे दिसणारी हिरवळ ही रिकामी जागा नव्हे. त्या शहराचे न वाचलेले दप्तर आहे.

या दप्तराची काही पाने उलगडली ती पवित्र टेकडीवर. तेथे ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनी १५९७ ते १६०२ या काळात एक प्रचंड चर्च व मठ बांधला. त्याचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच धार्मिक पंथ बरखास्त केले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत व निम्मा मनोरा खाली आला. मनोऱ्यातील मोठी घंटा आग्वादच्या दीपगृहात काही काळ वाजली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये गेली. ती आजही तेथे आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९८९ पासून या ढिगाऱ्याचे पद्धतशीर उत्खनन केले. त्यातून चर्चचा संपूर्ण तळ, त्याच्या दोन्ही बाजूंची प्रार्थनागृहे, कोरीव थडग्यांच्या शिळा, भिंतींवरील निळ्या-पिवळ्या रंगीत फरशा आणि चिनी मातीच्या भांड्यांचे असंख्य तुकडे बाहेर आले.

भांड्यांचे तुकडे ही पुराणवस्तुशास्त्राची खरी दौलत आहे. सोने वितळवले जाते, लाकूड कुजते, कापड जळते. फुटलेले भांडे मात्र कोणी चोरीत नाही आणि ते कुजतही नाही. चीनमध्ये घडलेली निळ्या नक्षीची बशी मकावमार्गे गोव्यास येते, मठाच्या भोजनगृहात वापरली जाते आणि फुटल्यावर उकिरड्यावर पडते. एवढ्या एका तुकड्यावरून व्यापाराची वाट, खाणाऱ्याची ऐपत आणि त्याची आवड या तिन्ही गोष्टी समजतात. हीच वाट समुद्राच्या तळाशीही सापडली. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मांडवीच्या मुखाजवळ सुंची नावाच्या खडकापाशी बुडालेल्या एका पोर्तुगीज जहाजाचा शोध घेतला. त्यात हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, घडीव दगड, तोफेची नळी, चिनी भांड्यांचे तुकडे आणि मर्तबान जातीच्या मोठ्या बरण्यांची खापरे मिळाली. मातीच्या खापरांची शास्त्रीय कसोटी घेता ती १६६० च्या आगेमागे सुमारे चाळीस वर्षांच्या अवधीतील ठरली. हस्तिदंत व पाणघोड्याचे दात आफ्रिकेचे, भांडी चीनची, बरणीचे नाव ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराचे. आमच्या घरांतील म्हाताऱ्या माणसांनी लोणच्याच्या झिलईदार बरणीस मर्तबान म्हटलेले ज्यांनी ऐकले असेल, त्यांस हे खापर परके वाटणार नाही. खलाशी त्यात पाणी व तेल ठेवीत, आपल्या आज्या लोणचे ठेवीत, वस्तू एकच.

आता पाण्याची साक्ष. या शहराच्या मृत्यूचे कारण बहुतेकांस ठाऊक नसते. ते कोणा शत्रूच्या हल्ल्यात नष्ट झाले नाही. छत्रपती संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये जुवे बेट घेतले तेव्हा राजधानी हादरली आणि ती मुरगावास हलविण्याचा घाट व्हाइसरॉयने घातला, हे खरे; परंतु त्याच्या पुष्कळ आधीपासून हे शहर आतून पोखरले जात होते. जांभा सच्छिद्र असतो. त्यावर दाट वस्ती झाली, घरोघर विहीर आणि विहिरीपासून थोड्याच अंतरावर शौचकूप आला की मैलापाणी झिरपून विहिरीत उतरणारच. १५४३ मध्ये येथे पटकीची भयंकर साथ आली. गास्पार कोर्रेया या इतिहासकाराने तिचे वर्णन करताना रोगाचे स्थानिक नाव दिले आहे. तेच 'मोडशी' हे नाव पोर्तुगीजांनी 'मोर्देशी' असे उचलले आणि पुढे युरोपीय वैद्यकग्रंथांत नेले. मराठी-कोंकणीतील एक शब्द जगभर गेला तो अशा दुःखद निमित्ताने.

श्रीमंतांनी या संकटातून आपली सुटका करून घेतली. शहराजवळच्या बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी निर्मळ म्हणून प्रसिद्ध होते. गुलाम ते घड्यांत भरून आणीत आणि शहरात विकीत, असे पिरार सांगतो. ज्याच्यापाशी पैसा असे तो बायंगिणीचे पाणी विकत घेई; ज्याच्यापाशी नसे तो परसातल्या विहिरीचे पिई आणि मरे. डोक्यावरून निर्मळ पाणी वाहून आणणारा गुलाम स्वतः कोणते पाणी पीत असेल, हा प्रश्न आम्हास येथे विचारावासा वाटतो. साथीमागून साथी आल्या. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने पाणेली येथे बस्तान हलविले, १७५९ मध्ये तो पणजीस गेला आणि १८४३ मध्ये पणजीस राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. ज्या शहराची तुलना रोमशी होत असे ते गटाराने जिंकले. नगररचना करणाऱ्या आजच्या नगरपालिकांनीही ध्यानात ठेवावे असेच हे उदाहरण आहे.

यापुढील साक्ष माणसांच्या हुन्नराची व त्यांनी लावलेल्या झाडांची. बों जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरचे शव ज्या चांदीच्या पेटीत आहे ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडविली. पेटीखालचा संगमरवरी चौथरा इटलीतील तोस्कानाच्या राजाकडून १६९८ मध्ये आला. परंतु चांदीची नक्षी आपल्या मातीतील हातांची आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात मलुपा नावाच्या हिंदू वैद्याचा उल्लेख आहे. लिन्सखोटेनही लिहितो की, व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि साधूदेखील आपल्या वैद्यांपेक्षा हिंदू वैद्यांवर अधिक भरवसा ठेवीत. सतराव्या शतकात सरकारी मक्ते घेणाऱ्यांत हिंदूंचा, विशेषतः सारस्वतांचा, भरणा मोठा होता. ज्यांचे देव नदीपार गेले होते त्यांच्यापैकी कितीएक या शहरात दुकान, दवाखाना आणि मक्ता चालवीत होते. देव अंत्रुजात आणि पोट राजधानीत, अशी ती दुहेरी जगण्याची कसरत होती. तीस लाचारी म्हणावे की चिवटपणा, याचा निवाडा करण्याचा अधिकार सुखवस्तू घरात बसून इतिहास वाचणाऱ्या आम्हास आहे असे आम्ही समजत नाही.

झाडांचा पुरावा तर आमच्या दारापर्यंत आला आहे. काजू, अननस, पपई, मिरची, तंबाखू ही सारी अमेरिकेतून पोर्तुगीज जहाजांवाटे या किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून देशावर आली. निपाणीचे नाव ज्या पिकामुळे दूरवर पोहोचले त्या तंबाखूचे नावसुद्धा पोर्तुगीज आहे. बेळगावच्या बाजारात रताळ्यांच्या पोत्यांची थप्पी लागते. ते रताळेही त्याच खंडातून आलेले, आणि 'बटाटा' हा शब्द मुळात रताळ्याचाच. आता उपासास जे चालते ते परदेशी, हे ऐकून काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल. परंतु उत्खनन असेच असते. आपणास हवे तेच सापडेल याची हमी ते देत नाही. चावी, पगार, घमेले, परात हे शब्द आमच्या जिभेवर आहेत तोपर्यंत त्या शहराची खापरे केवळ मांडवीकाठी नाहीत, आमच्या स्वयंपाकघरातही आहेत.

शेवटची साक्ष अस्थींची. जॉर्जिया या कॉकेशस पर्वतातील ख्रिस्ती देशाची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने धर्मांतराची आज्ञा केली. तिने ती मानली नाही. १६२४ मध्ये शिराझ येथे तिला हाल करून ठार मारण्यात आले. तेथील ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गुप्तपणे मिळविल्या आणि त्यांपैकी काही १६२७ मध्ये गोव्यास आणून आपल्या मठात ठेवल्या. मठातील एका प्रार्थनागृहाच्या दुसऱ्या खिडकीपाशी काळ्या दगडाच्या पेटीत त्या आहेत, असे जुन्या पोर्तुगीज कागदांत नमूद होते. मठ कोसळला, खिडकी ढिगाऱ्याखाली गेली. कागद आणि कुदळ यांचा मेळ घालीत पुरातत्त्व विभागाने ती जागा निश्चित केली आणि २००४ च्या सुमारास तेथे एक अस्थिखंड हाती आला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेने त्यातील जनुकद्रव्य तपासले. आईकडून मुलाकडे येणारी त्यातील खूण भारतात आढळत नाही, जॉर्जिया व आसपास आढळते, असे निष्पन्न झाले. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तो अवशेष जॉर्जियास सन्मानपूर्वक अर्पण केला. चारशे वर्षांपूर्वी धर्म न सोडणाऱ्या राणीच्या अस्थी स्वदेशी परतल्या. ज्यांच्या पूर्वजांनी धर्मासाठी घरदार सोडले त्यांस या घटनेचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसून आली, आणि तिची वार्ता कोठे गाजली नाही. राणीच्या असाव्यात या अपेक्षेने आणखी दोन अस्थिखंड तपासले गेले होते. त्यांतील खुणा दक्षिण आशियातील निघाल्या. म्हणजे ती दोन माणसे, निदान मातृकुळाने, आपल्याच भूमीतील होती. ती कोण होती? नवख्रिस्ती गृहस्थ, मठातील सेवक, की आणखी कोणी? त्यांच्यासाठी खिडकीचा पत्ता सांगणारा कागद नाही, त्यांना न्यावयास कोणा देशाचे विमान येणार नाही. राणीस नाव मिळाले. ती दोघे क्रमांकानेच ओळखली जातात. आमच्या मते जुन्या गोव्याची सारी कथा या तीन अस्थींत आहे. कागद राजाराणीस ओळखतो. माती सर्वांस सारखेच जपते. आणि त्याच शहरात, गार्सिया द ओर्ता याच्या अस्थी तो मूळचा ज्यू वंशाचा म्हणून १५८० मध्ये धर्मन्यायपीठाने उकरून जाळल्या, हे आठवले म्हणजे मातीतील हाडांचाही कोणास धाक वाटू शकतो हे पटते. मुद्देमाल नष्ट करणारा नेहमीच मुद्देमालास भीत असतो.

येथे कायद्याचा एक दंडक सांगणे उचित होईल. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला तर तो खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. यातील 'योग्य ताबा' हे शब्द मोलाचे आहेत. मातीतील वस्तूचा योग्य ताबा म्हणजे ती ज्या थरात, ज्या खोलीवर, ज्या वस्तूंच्या सोबतीने पडलेली असते तो थर. वस्तू तेथून उचलली की तिची साक्ष निम्मी संपते. मग उरते ती केवळ एक शोभेची वस्तू. म्हणूनच १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरांत नियंत्रण घातले गेले. जुन्या गोव्यात २०२१ मध्ये एका नव्या बांधकामावरून मोठे आंदोलन झाले, त्याचे मूळ याच तत्त्वात होते. चर्च वाचले आणि भोवतालची माती खणली गेली, तर राजा वाचला आणि प्रजा पुसली गेली असाच त्याचा अर्थ होईल.

हा दंडक दुसऱ्यांस सांगण्यापूर्वी तो आपल्या अंगणात लावून पाहिला पाहिजे. गोव्यात आणि आपल्या सीमाभागातही देवालयांच्या जीर्णोद्धाराचा उत्साह मोठा आहे. त्यामागील भक्ती शंकेपलीकडची आहे. परंतु जुना चिरा काढून संगमरवर बसवावा, जुने लाकडी खांब विकून टाकावेत, भंगलेली मूर्ती प्रघाताप्रमाणे जलात विसर्जित करावी आणि पायाच्या खोदाईत निघालेली खापरे भरावासाठी टाकून द्यावीत, हे सर्रास घडते. सोळाव्या शतकात परक्याने जे पाडले त्याची निदान यादी केली. आज आपण जे काढून टाकतो त्याची यादीही कोणी करीत नाही. नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देवालय शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये उभारविले तेव्हा दिवाडीहून आलेल्या देवास त्यांनी स्थान दिले आणि दरवाजावर तसा लेखही कोरविला. जीर्णोद्धार आणि नोंद ही दोन्ही कामे एकत्र होऊ शकतात, याचा तो धडधडीत पुरावा आहे.

तेव्हा देवस्थानांच्या महाजनांस व समित्यांस आमची विनंती थोडकी आहे. जीर्णोद्धाराची कुदळ मारण्यापूर्वी जुन्या वास्तूची मोजमापे व छायाचित्रे घ्यावीत. खोदाईत मूर्ती, लेख, नाणी किंवा खापरे निघाली तर काम थांबवून ती जागच्या जागी ठेवावीत आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारकच आहे. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन करण्याऐवजी ती संग्रहालयास द्यावी. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात १९६४ पासून अशा मूर्ती व वीरगळ मानाने उभे आहेत. कुटुंबांतील मोडी व हळेकन्नड कागद, कुलवृत्तांत, मक्त्यांच्या पावत्या यांची एक प्रत तरी अभिलेखागारात पोहोचवावी. यास फारसा खर्च नाही, फक्त थोडा धीर हवा.

आमच्याच बेळगावात वडगाव-माधवपूरच्या शेतांखाली सातवाहनकालीन नगर निघाले, ते नांगर चालविणाऱ्या पिढ्यांना ठाऊक नव्हते. पायाखाली काय आहे हे ठाऊक नसणे हा अपराध नाही. ठाऊक झाल्यावर मुद्देमाल नाहीसा होऊ देणे हा मात्र आहे. आणि त्या खटल्यात फिर्यादीही आपण आणि आरोपीही आपण असू.